शेरा

पुलाच्या खांबावरचे आकडे
दर चैत्रात मीच रंगवतो. पांढरा, मग काळा.
लाल रंग डब्याच्या तळाशी थोडाच उरलाय,
म्हणून धोक्याची रेषा वर्षागणिक बारीक होत चाललीय.
मिनेझिसबाईंना हे सांगायचं राहून जातं.

काम सोपं. पावसाळ्यात तासातासाला आकडा वाचायचा,
वहीत लिहायचा, डिचोलीला फोन करायचा.
धरण वर, सीमेपलीकडे.
तिथे दरवाजा उचलला की
साळच्या पुलाखाली पाणी यायला चार तास.
मला पगार मिळतो तो त्या चार तासांचा.

शाळेत धरणाचं चित्र काढायचो आम्ही,
काठोकाठ निळं, वर एक बदक.
बाईंनी ते पहिल्याच वर्षी पुसलं, चहाच्या कपाने:
"गुणाजी, आषाढात एवढा रिकामा ठेवायचा.
घाटातून येणाऱ्याला बसायला जागा नको?
भाद्रपदात भरला नाही तर शिव्या खाऊ.
आत्ता भरला तर..."
आणि पुढचं न बोलता चहा संपवला.

त्या दिवशी मात्र ऊन होतं.
पोफळींवर पिवळंधमक, वाळवणं घालावी असं.
दीडला फोन: दोन दरवाजे, एकेक मीटर.
रात्री घाटात मोठा पाऊस सांगितलाय,
उजेडीच सोडतायत.
मी सायकल काढली, भोंगा गळ्यात अडकवला.
लोक आधी आभाळाकडे बघत, मग माझ्याकडे.
काठावर शेवंती गावस केळींना आळी करत होती.
पाच हॉर्सपॉवरचा पंप, दोन पुतणे, एक दोरखंड;
चढणीवर तो ओढताना तिने माझे पूर्वज मोजले.
"वोत पडलां, आनी तूं हुंवार घेवन भोंवता?"
उन्हात पूर घेऊन फिरणारा.
आठ दिवस हेच नाव होतं मला,
देवळातसुद्धा.

साडेपाचला पाणी आलं. तांबडं, घाईत नसलेलं,
काजूची एक फांदी आणि कुणाची तरी डावी चप्पल घेऊन.
लाल रेषेखाली दोन बोटं थांबलं.
केळींच्या बुंध्यांना टेकलं, वास घेतल्यासारखं,
आणि अंधारात मागे सरकलं.

रात्री बारा: आकडा उतरलेला. एक: तोच.
या वेळी गावचा राखणदार शीव फिरतो म्हणतात,
हातात दांडा, पायात वहाणा.
माझ्याकडे टॉर्च. माझ्यावर कुत्री भुंकतात,
त्याच्यावर म्हणे भुंकत नाहीत.
दोन: तोच. तीन: तोच.
आमच्याकडे झिरमिर, झोपेत ऐकू न येणारी.
सकाळी कळलं, घाटात रात्रभर कोसळत होता,
आणि ते सगळं
दुपारी मोकळ्या केलेल्या जागेत जाऊन बसलं, निमूट.

दर वेळी असं जमतं असंही नाही.
एके वर्षी फोन चाळीस मिनिटं उशिरा लागला.
गिरणीच्या भिंतीवर छातीएवढी रेघ आहे त्याची.
ती मी रंगवलेली नाही.

पण वहीत त्या रात्रीचं काय लिहू?
तारीख, वेळ, पातळी, विसर्ग,
शेवटी एक रकाना, शेरा.
किती केळी आडव्या झाल्या, ते लिहिता येतं.
न झालेल्या कशा मोजायच्या?
सात आठवडे रकाना कोराच होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेवंती पुलावर आली.
खांबाकडे बघितलं, माझ्याकडे नाही.
"पंप सकयल व्हरूं मरे आतां?"
मी आकडा वाचला. डिचोलीला फोन केला.
मग परत एकदा वाकून आकडा वाचला,
म्हटलं, व्हर.

आणि वही उघडून, मागे जाऊन, त्या तारखेसमोर लिहिलं:
पंप वर होता.